नववीच्या मुलांचे ४० तास समाजसेवा: कामं कुठली द्यायची, तास कसे धरायचे?

वर्गशिक्षक_मिरज

नमस्कार मंडळी. मिरजेजवळची अनुदानित माध्यमिक शाळा. नववीच्या दोन तुकड्या, पट ११०. शाळा समितीनं ठरवलंय की जूनपासून नववीतल्या प्रत्येकानं वर्षभरात ४० तास समाजसेवा करायची आणि एप्रिलमध्ये शाळेनं प्रमाणपत्र द्यायचं. आराखडा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

हाताशी काय आहे ते सांगतो. शनिवारी शाळा सकाळची, अकराला सुटते. पाच शिक्षक त्यानंतर दोन तास थांबायला तयार आहेत. शाळेची बस नाही. बरीच मुलं बेडग, आरग, म्हैसाळ भागातून एसटीनं येतात, त्यामुळे दीडच्या गाडीला त्यांना सोडावंच लागतं. पैसे म्हणाल तर पालक-शिक्षक संघ देईल तेवढेच.

विचारायचंय ते असं. तासांत काय धरायचं आणि काय नाही? ११० मुलांना कामं आणायची कुठून? नोंद कशी ठेवायची म्हणजे नंतर कुणी बोट दाखवणार नाही? पावसाळ्यात कृष्णेला पूर आला तर मुलांना मदतीला पाठवावं का? आणि समितीतले एक सदस्य म्हणतात, "परदेशी शिकायला जायचं तर हे तास लागतातच." ते कितपत खरं?

प्रभातफेरी, घोषणा आणि फोटो एवढ्यावर हे संपू नये, इतकीच इच्छा आहे.

---

रासेयो_बारामाही

सर, आधी गणित करा, मग कामं शोधा. ११० गुणिले ४० म्हणजे ४४०० विद्यार्थी-तास. सहामाही, दिवाळी, स्नेहसंमेलन, वार्षिक परीक्षा आणि सणवार वगळले तर वर्षात कामाचे शनिवार २५च्या पुढे जात नाहीत. शनिवारी दोन तास धरले तर एका जागेवर वर्षात ५० तास काम होतं. सगळे ४० तास शनिवारीच उरकायचे म्हटलं तर दर शनिवारी ८८ मुलं कुठे ना कुठे कामावर हवीत. एका ठिकाणी सहापेक्षा जास्त मुलं पाठवली की चौघं राबतात आणि उरलेली भिंतीला टेकून मोबाइल बघतात. म्हणजे ठिकाणं लागली पंधरा, आणि तुमच्याकडे शिक्षक पाच. बहुतेक शाळांचा बेत इथेच फसतो. मग डिसेंबर उजाडला की सगळ्यांच्या वहीत "मैदान स्वच्छता, २ तास" पडायला लागतं.

म्हणून ४० तास एकाच प्रकारचे ठेवू नका. सुरुवातीला ४ तास तयारी: जिथे जायचं तिथलं काम समजून घेणं, वही भरायला शिकणं, प्रथमोपचार. २० तास शनिवारचं काम. १२ तास एखादं मोठं अंगमेहनतीचं काम, सलग दोन दिवस. उरलेले ४ तास शेवटी अहवाल लिहायला आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना काम हातात द्यायला. शनिवारसाठी ५५-५५चे दोन गट करा आणि एकाआड एक शनिवार पाठवा. प्रत्येकाच्या वाट्याला १२ शनिवार येतात, लागतात १०. दोन आजारपणाला आणि घरातल्या लग्नाला. गटात ५५ म्हणजे नऊ-दहा ठिकाणं पुरतात, आणि जवळजवळची दोन ठिकाणं एका शिक्षकाला बघता येतात.

मुलाला ठिकाण एकच द्या, वर्षभर. आज ग्रंथालय, पुढच्या वेळी वृद्धाश्रम, त्याच्या पुढच्या वेळी स्मशानभूमीची सफाई असं फिरवलं की प्रत्येक वेळी पहिला अर्धा तास समजावण्यातच जातो आणि त्या संस्थेला मदत होण्याऐवजी पाहुणचार करावा लागतो.

तुलनेसाठी सांगतो. कनिष्ठ महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४०, आणि त्याशिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर. त्या १२० तासांची ठरलेली फोड २० तास ओळख व प्रशिक्षण, ३० तास आवारातलं काम आणि ७० तास बाहेर वस्तीत-गावात अशी आहे. नववीला ४० तास जड नाहीत. मात्र बाहेरच्या कामाचा वाटा निम्म्याहून कमी होऊ देऊ नका.

आता काय धरायचं. जाण्यायेण्याचा वेळ, डबा खाण्याचा वेळ आणि पाहुण्यांची वाट बघण्याचा वेळ धरायचा नाही. वर्गाची सफाईची पाळी ही शाळेची शिस्त झाली, सेवा नव्हे. काकांच्या दुकानातली मदत नाही. पक्षाचा प्रचार नाही, कुठल्याही झेंड्याखाली असो. पैसे किंवा बक्षीस मिळत असेल ते नाही. नेतेमंडळींच्या वाढदिवसाचं वृक्षारोपण तर मुळीच नाही. तिथे खड्डा आधीच खणलेला असतो आणि रोपाला हात लावायला वीसजण असतात. एकच तास दोन ठिकाणी दाखवायचा नाही, म्हणजे स्काउटच्या वहीतही आणि इथेही.

सगळ्यात जास्त होणारी चूक: वीस मुलांनी मिळून आठ तास काम केलं की अहवालात "१६० तास" येतात, ते बरोबरच आहे, पण मग कुणीतरी तोच आकडा मुलांच्या वहीत उतरवतो. मुलाच्या नावावर आठच.

नोंदीची वही साधी ठेवा. तारीख, ठिकाण, सुरू, संपलं, केलेलं काम, तिथल्या माणसाची सही. वेळ पाव तासाच्या हिशेबानं खालच्या बाजूला धरायची. अकरा वीस ते एक म्हणजे दीड तास. "केलेलं काम" या रकान्यात जोर लावा. "ग्रंथालयात मदत केली" ही नोंद नाही. "दाखल नोंदवहीतली ६१२ ते ६४० ही पुस्तकं मांडणीवर ताडून पाहिली, तीन सापडली नाहीत, त्यांची यादी ग्रंथपालांना दिली" ही नोंद. अशी नोंद मागाहून घरी बसून रचता येत नाही, हाच तिचा फायदा. सही त्याच दिवशी, त्याच जागी. महिनाअखेरीला चार वह्या एकत्र सहीला गेल्या की चारही शनिवारची शाई एकाच पेनची दिसते. शिवाय संस्थेकडे तुमची एक हजेरीची वही ठेवा आणि महिन्यातून एकदा दोन्ही ताडून बघा.

---

अर्जछाननी

परदेशाच्या मुद्द्यापुरतं लिहिते.

ते सदस्य दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताहेत. तासांची सक्ती काही ठिकाणी आहे, पण ती तिथल्या शाळेतून बाहेर पडण्यासाठी. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात माध्यमिक शालान्त पदविकेसाठी ४० तास लागतात. अमेरिकेत मेरीलँड राज्यात ७५, वॉशिंग्टन डीसीमध्ये १००. तुमच्या समितीचा ४०चा आकडा बहुधा असाच कुठून तरी ऐकून आलेला. मिरजेतून दहावी-बारावी करून जाणाऱ्या मुलाला यातली एकही अट लागू होत नाही.

अमेरिकेतली बरीच विद्यापीठं जो सामाईक अर्ज घेतात त्यात उपक्रमांसाठी जास्तीत जास्त १० जागा असतात. प्रत्येकासाठी वर्णन १५० अक्षरांत, आणि आठवड्याला किती तास व वर्षात किती आठवडे हे आकडे. एकूण अमुक तास हवेत अशी अट त्या अर्जात नाही. त्यामुळे दहा ठिकाणचे चार-चार तास तिथे ओळीनं मांडले तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही; एकाच ठिकाणी दोन वर्षं केलेलं काम लगेच दिसतं. एका ठिकाणी टिकून राहा असं वरच्या सरांनी सांगितलंय, ते इथेही लागू पडतं.

आपल्याकडच्या मंडळांचं म्हणाल तर सीबीएसईच्या नववी ते बारावीत आरोग्य व शारीरिक शिक्षणाखाली २०१८-१९ पासून 'सेवा' नावाचा प्रकल्पाचा भाग आहे. आयसीएसईत समाजोपयोगी उत्पादक कार्य व समाजसेवा याला अंतर्गत श्रेणी असते आणि तिथे नापास झाल्यास उत्तीर्णतेचं प्रमाणपत्र अडतं. आयबी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या पदविकेत सर्जनशीलता, कृती आणि सेवा हा भाग सक्तीचा, निदान १८ महिने चालणारा. पूर्वी तिथे तास मोजत, आता मोजत नाहीत. राज्य मंडळाच्या दहावीला ठरावीक सेवा-तासांची अट नाही. तेव्हा तुमची योजना ही शाळेची स्वतःची योजना आहे, आणि पालकांना तसंच सांगा. "याशिवाय पुढे अडेल" असं सांगितलं की पहिल्याच महिन्यात कुणीतरी पुढारी काकांकडून १०० तासांचं छापील प्रमाणपत्र आणून टेबलावर ठेवतं. कामाचा तपशील आणि दिनांक नसलेलं कुठल्याही प्रतिष्ठानचं प्रमाणपत्र धरणार नाही, हे जूनच्या पालकसभेतच जाहीर करून टाका.

---

पूर्वभाग

१२ तासांच्या मोठ्या कामासाठी वनराई बंधारा घ्या, म्हणजे मातीनं भरलेली पोती रचून ओढ्यात घातलेला तात्पुरता बांध. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडे साताऱ्यात माण-खटाव, या पट्ट्यात रासेयोच्या शिबिरांत हे होतंच. मिरज पूर्वच्या ओढ्यांवरही चालतं. नववीच्या मुलांना जमेल असं हे काम, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी साठलेलं डोळ्यांनी दिसतं.

हिशेब असा. ओढा ६ मीटर रुंद, बंधारा १ मीटर उंच, तळाशी रुंदी १.२ मीटर आणि माथ्याला ०.४. सरासरी रुंदी ०.८, म्हणजे भराव ४.८ घनमीटर. सिमेंटचं रिकामं पोतं काठोकाठ भरलं तर त्यात ३५ लिटर माती बसते आणि वजन ५० किलोच्या वर जातं. ते या वयाच्या मुलांनी उचलायचं नाही. निम्मं भरा, २५ किलोच्या आसपास, आणि दोघांनी मिळून उचला. निम्म्या पोत्यात साडेसतरा लिटर, म्हणजे पोती लागतात पावणेतीनशे. फाटकी निघतात ती धरून सव्वातीनशे गोळा करा. बांधकामाच्या साइटवर मागितली की मिळतात, पण ऑगस्टपासून गोळा करायला लागा आणि सावलीत ठेवा. उन्हात पडलेलं पोतं भरताना तळातून उसवतं.

एका बंधाऱ्यावर ३० मुलं पुरे. तिघांची एक जोडणी: एकजण तोंड धरणार, एकजण फावड्यानं भरणार, एकजण दाभणानं शिवणार. अशा सहा जोडण्या, आणि उरलेली बारा मुलं वाहायला व रचायला. एक जोडणी तासाला दहा पोती काढते. म्हणजे सहा मिळून साठ, आणि पावणेतीनशेला साधारण पाच तास. पहिल्या दिवशी तळ साफ करणं, चर खणणं आणि निम्मी पोती. दुसऱ्या दिवशी उरलेली पोती, रचाई, मातीचा लेप. सामान: ८ फावडी, ४ टिकाव, १५ घमेली, १० दाभणं, पोत्यामागे मीटरभर सुतळी. सगळ्या ११० जणांसाठी एकाच ओढ्यावर खालपासून वरपर्यंत चार बंधारे घाला. पोती लागतील तेराशे, पण देखरेख एकाच जागी राहते.

जागा निवडताना कृषी सहायकाला बरोबर घ्या आणि ग्रामपंचायतीचं पत्र आधी हातात ठेवा. वनखात्याची जमीन असेल तर त्यांची परवानगी वेगळी. पात्र अरुंद, काठ उंच आणि तळाला खडक किंवा कठीण मुरूम अशी जागा हवी.

बंधारा फसतो तो बहुधा चार कारणांनी. तळातली वाळू न काढता पोती मांडली की पाणी खालून निघून जातं. वरून बंधारा शाबूत दिसतो आणि मागे डबकंसुद्धा उरत नाही, म्हणून कठीण थर लागेपर्यंत, निदान एक फूट, आडवा चर खणायचाच. दुसरं, दोन्ही टोकं काठात दीड-दोन फूट आत घुसवली नाहीत तर पाणी बाजूनं काठ कापतं. तिसरं, पोती एकावर एक सरळ रेषेत ठेवतात. विटा रचतात तसा सांधा मोडून घ्यायचा, प्रत्येक थर पायानं तुडवायचा, आणि पाण्याच्या बाजूला काळी माती ओली करून थापायची. माथ्यावर मधोमध एक थर कमी ठेवा म्हणजे जादा पाणी तिथूनच सांडेल.

चौथं कारण घाई. आपल्या पूर्व भागात परतीचा पाऊसच खरा पाऊस. तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडून जाण्याआधी बंधारा घातला तर एका रात्रीत सगळी पोती खालच्या गावात. परतीचा पाऊस संपला आणि ओढा संथ वाहायला लागला की घ्या, साधारण दिवाळीच्या सुट्टीत. फार उशीरही नको, नाहीतर अडवायला पाणीच उरत नाही.

आणि मे महिन्यात पोती परत काढायला कोण येणार हे नोव्हेंबरमध्येच वहीत लिहून ठेवा. उन्हानं पोत्याचे दोरे सुटतात, पहिल्या पावसात ते शेतात आणि जनावरांच्या पोटात जातात. शेवटच्या चार तासांत हे काम टाका, अहवाल दोन पानं कमी झाला तरी चालेल.

---

कृष्णाकाठ

पुराबद्दल स्पष्ट लिहितो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ला धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी चढत असताना शाळेच्या कार्यक्रमाखाली एकही मूल नदीच्या बाजूला जाता कामा नये, "नुसतं बघायला"सुद्धा नाही. बोटीत बसवणं तर नाहीच. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, ते जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

पाणी ओसरल्यावरचा गाळही मुलांचं काम नाही. त्यात फुटलेल्या काचा, पत्रे, मेलेली जनावरं असतात. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येणारा लेप्टोचा जंतू पायावरच्या साध्या खरचटण्यातून शरीरात शिरतो, आणि ताप यायला आठ-दहा दिवस लागल्यामुळे कुणाला त्याचा संबंधही लक्षात येत नाही. गमबूट, हातमोजे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या घेऊन मोठी माणसं करतात, त्यांना करू द्या.

मुलांना निवारा केंद्राच्या कोरड्या बाजूला ठेवा. आलेले कपडे वेगळे करणं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यांना नकोसं असलेलं काम आहे. बायका, पुरुष, मुलं, बाळं असे चार ढीग आणि पाचवा टाकाऊचा. पाचवा ढीग सगळ्यात मोठा होतो. धान्याच्या किटा बांधताना एक रांग करा, प्रत्येक मुलाकडे एकच वस्तू, आणि शेवटच्या मुलाकडे यादी. एकानंच सगळ्या वस्तू भरल्या की काही किटांत मीठ दोनदा आणि काहींत नाहीच. कुटुंबांची नोंदणी मोठ्यांनी करावी. आधार क्रमांक, फोन नंबर असलेले कागद मुलांच्या मोबाइलमध्ये जायला नकोत.

गणपतीत निर्माल्याचं काम आहे. सांगलीत पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीमुळे गर्दी जास्त असते; मुलांना दीड आणि सात दिवसांच्या विसर्जनाला ठेवा, अंधार पडायच्या आत परत. पाण्याच्या पायरीवर नाही, वरच्या टेबलाशी. खरं काम दुसऱ्या दिवशी असतं, ते म्हणजे निवडणं. दोरा, प्लॅस्टिकची पिशवी, थर्माकोल, जरीची फीत, नाणी, काडेपेटी, सगळं बाजूला काढायचं. नाही काढलं तर खत चाळताना निम्मं फेकावं लागतं. ओल्या १०० किलो निर्माल्यात २५-३० किलो सुका पाला मिसळा, हार कापून टाका, आठवड्याला एकदा उलटं करा. वास यायला लागला म्हणजे ओल जास्त झाली, पाला वाढवा. पावणेदोन ते दोन महिन्यांत खत होतं. सहा मुलांच्या गटाला सप्टेंबर ते नोव्हेंबर पुरेल इतकं हे काम आहे, आणि शाळेच्या आवारात होतं, म्हणजे तुमची दीडची एसटीही सापडते.

मिरजेत आणखी एक गोष्ट इतरत्र शोधून सापडणार नाही अशी आहे. तिथल्या दवाखान्यांत कर्नाटकातून रोज पेशंट येतात. तुमची सीमेकडची मुलं कन्नड बोलत असतील तर बाह्यरुग्ण विभागाच्या दारात त्यांना दोन तास बसवा. केसपेपर कुठल्या खिडकीला, रक्त कुठे द्यायचं, औषधाची खिडकी कुठे, पुन्हा कधी यायचं, एवढंच सांगायचं. वॉर्डात जायचं नाही, पेशंटला उचलायचं नाही, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगायचं नाही. ते विचारलं तर परत औषधाच्या खिडकीवर पाठवायचं. मराठीत बोलणाऱ्या दहा मुलांपेक्षा कन्नड येणारी दोन मुलं तिथे जास्त उपयोगाची.

रक्तदान शिबिरात मुलांना रक्त देता येत नाही, वय १८ पूर्ण लागतं. नोंदणीचं टेबल आणि चहा-बिस्किटं एवढंच. दोन तासांत पाऊण तास काम. मी ते यादीत शेवटी ठेवीन.

---

लेखनिक_समन्वय

नववीची मुलं आहेत म्हणून सांगते, एक काम असं आहे की ते नववीचीच मुलं करू शकतात, आणि त्याला माणसं मिळत नाहीत. दहावीच्या दृष्टिहीन परीक्षार्थीला लेखनिक लागतो आणि तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तुमची वार्षिक एप्रिलमध्ये, त्यामुळे अडचणही नाही. अर्ज परीक्षार्थीची शाळा कोल्हापूर विभागीय मंडळाकडे करते. तुम्ही फक्त तयार मुलांची यादी, ओळखपत्र, फोटो आणि पालकांचं संमतीपत्र त्यांच्या मुख्याध्यापकांकडे डिसेंबरच्या आत पोचवा. जानेवारीत नावं दिली की धावपळ होते.

अक्षर चांगलं म्हणून मूल निवडू नका. चार तास न कंटाळता बसणारं निवडा. तीन तासांच्या पेपरला तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे एक तास वाढतो. परीक्षेआधी त्याच विद्यार्थ्याबरोबर निदान तीन सराव पेपर व्हायला हवेत. या सरावाचे तास पूर्ण धरा, ते खरं काम आहे.

सरावात शिकवायच्या गोष्टी लहान असतात, पण तिथेच गुण जातात. प्रश्न दोनदा वाचायचा, पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा थांबत. कुठल्या प्रश्नाला किती गुण ते न विचारता सांगायचं, कारण समोरच्याला ते दिसत नाही. उत्तर चुकीचं वाटलं तरी तसंच लिहायचं, चेहऱ्यावर आणि आवाजातही काही दाखवायचं नाही. बीजगणितात "अ अधिक ब चा वर्ग" म्हटलं की कंस कुठे ते विचारायचं. इंग्रजीत अवघड शब्दाचं स्पेलिंग विचारून घ्यायचं. आणि शेवटची दहा मिनिटं लिहिलेलं वाचून दाखवायला राखून ठेवायची. बहुतेक लेखनिक शेवटच्या घंटेपर्यंत लिहीतच राहतात.

प्रत्येक परीक्षार्थीमागे एक राखीव लेखनिक तयार ठेवा. मार्चमध्ये कुणाला ना कुणाला गोवर-कांजिण्या होतातच.

---

वर्गशिक्षक_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. निर्माल्य, कन्नड बोलणाऱ्यांचा गट, लेखनिक आणि दिवाळीत चार बंधारे, एवढं पक्कं धरलंय. लेखनिकांसाठी आजूबाजूच्या अंध विद्यार्थी असलेल्या शाळांना पत्र पाठवतो. उरलेल्या ठिकाणांत दोन वाचनालयं आणि एक वृद्धाश्रम बघतोय.

दोन शंका राहिल्या. पालकांच्या संमतीपत्रात नेमकं काय असावं? आणि मुलींचे गट बाहेर पाठवायला काही पालक कां-कूं करणार, त्यांना काय सांगू?

---

रासेयो_बारामाही

"माझी हरकत नाही" एवढंच लिहिलेलं संमतीपत्र काही कामाचं नाही. त्यात ठिकाण, वार, वेळ, कामाचं स्वरूप आणि सोबतच्या शिक्षकाचं नाव लिहा. खाली मुलाचा रक्तगट, ॲलर्जी, दमा किंवा फिट येते का, चालू औषधं, आणि दोन फोन नंबर, त्यातला एक घरातल्या बाईचा. धनुर्वाताची लस सरकारी वेळापत्रकात १० आणि १६व्या वर्षी असते, म्हणजे नववीतल्या मुलाची १० वर्षांची झालेली आहे का एवढं विचारायचं. झाली असली तरी बंधाऱ्यावर फावडं लागलं तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचं. ठिकाण बदललं की संमतीपत्र नवीन. फोटोची परवानगी वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या सहीनं घ्या. वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांचे फोटो तर त्यांना विचारल्याशिवाय काढायचेच नाहीत.

मुलींच्या पालकांना तोंडी दिलासा देऊ नका, नियम दाखवा. मुलगी असो वा मुलगा, कुठलंही मूल एकटं पाठवायचं नाही, किमान तिघं. कुणाच्या घरी किंवा बंद खोलीत काम नाही. मुली असलेल्या प्रत्येक गटामागे शिक्षिका. पाचांत तुमच्याकडे शिक्षिका किती आहेत त्यावरच गट पाडा, उलटं नको. ठिकाण ठरवायच्या आधी तिथलं स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघा. निम्मी कां-कूं त्याचीच असते, आणि पालक ते बोलून दाखवत नाहीत.

वृद्धाश्रमाबद्दल एक. पहिल्याच भेटीत व्यवस्थापकांना विचारा, "शनिवारी साडेअकरा ते एक तुम्हाला कशाची गरज असते?" ती बहुधा जेवणाची वेळ असते आणि मुलांची अडचणच होते. पेपर वाचून दाखवणं, नखं कापून देणं, फोन लावून देणं हे त्यांनी सांगितलं तर घ्या. "मुलं गाणी म्हणतील" असं तुम्हीच सुचवू नका. दर शनिवारी नवीन शाळा येऊन तेच करून जाते. वेळ जुळत नसेल तर ते ठिकाण सोडा आणि तिसरं वाचनालय घ्या.

वह्या छापून घेऊ नका. शंभरपानी वहीत रेघा मारून होतं, आणि पहिल्या चार तासांतला अर्धा तास त्यातच जातो.